करंजखारचं लाभक्षेत्र

मंगळवारी सकाळी अकराला सुजीत वकिलांची मेल आली, तेव्हा जहूर सरगुरोह एका ड्रॉइंगवर 'रिसीव्ह्ड'चा शिक्का मारत होता. अबुधाबीतल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत तो चोवीस वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर होता. कुठला कागद कधी आला, कोणाकडे गेला, कोणी सही करून घेतला, याची नोंद ठेवणं हे त्याचं काम. मेलच्या पहिल्या दोन ओळी वाचून त्यानं ती बंद केली. शिक्का मारायचे अकरा कागद उरले होते. ते संपवले, उठून पाणी प्यायला, आणि मग पूर्ण मेल वाचली.

कोर्टानं प्रकरण परत खाली पाठवलं होतं. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. नऊ वर्षं झाली होती.

करंजखार हे रत्नागिरीकडच्या एका खाडीच्या काठचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला साठेक हेक्टर खारजमीन. जुन्या लोकांनी तिच्याभोवती मातीचा बांध घातला होता आणि बांधात एक उघाडी बसवली होती. उघाडी म्हणजे लाकडी दार. भरती आली की ते आपोआप मिटायचं, ओहोटी लागली की उघडून आतलं पाणी खाडीत सोडायचं. पंधरा वर्षांपूर्वी एका उधाणात बांध फुटला आणि उघाडी वाहून गेली. दुरुस्तीला गावात माणसं नव्हती. जी होती ती म्हातारी, बाकी सगळी इकडे आखातात. खारं पाणी आत आलं ते राहिलंच. आधी भात गेलं. मग चारपाच वर्षांत वरच्या अंगाच्या विहिरी मचूळ झाल्या. जहूरचा धाकटा भाऊ गनी गावातच राहायचा. त्याच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना.

सरकारची योजना होती: नवा बांध, नवी उघाडी आणि आतलं पाणी वाहून नेणारा एक मोठा चर. पण त्याआधी 'लाभक्षेत्र' जाहीर व्हावं लागतं. कोणाकोणाच्या जमिनी योजनेत येतात त्याची सातबाऱ्याच्या नंबरांसह यादी, आणि त्या सगळ्यांची मिळून एक संस्था, पुढची देखभाल करायला. गनीनं अर्ज केला, यादी लागली, आणि मरियमबी खालांनी हरकत घेतली.

मरियमबी जहूरच्या आईची चुलतबहीण. तो मोठा चर जायचा तो त्यांच्या तुकड्यातून, कारण सगळ्यात सखल जमीन तीच. हरकत फेटाळली, त्यांनी अपील केलं. अपील मान्य झालं, गनीनं कोर्टात आव्हान दिलं. एका वर्षी हे जिंकायचे, एका वर्षी ते. आता कोर्टानं दोघांनाही बाजूला ठेवून तिसरीच गोष्ट पकडली होती. परदेशात राहणाऱ्या त्रेचाळीस जमीनमालकांना नोटीस मिळालीच नव्हती. ती गावात फळ्यावर चिकटवून कागदोपत्री 'बजावली' असं लिहिलेलं होतं. नव्वद दिवसांत प्रत्येकाला हातात नोटीस द्या, पोच घ्या आणि सुनावणी पुन्हा करा, असा हुकूम.

जेवणाच्या सुट्टीत जहूरनं वकिलांना फोन लावला.

"जहूरभाई, त्रेचाळीसातले एकतीस यूएईत आहेत," सुजीत वकील म्हणाले. "पोस्टानं पाठवलं तर पुन्हा हेच होईल. सुनावणी अधिकाऱ्यांनी लेखी परवानगी दिलीय, अर्जदारातर्फे कोणी नेऊन दिली तरी चालेल. तुम्ही तिथे आहात."

"मी एकटा?"

"बाकीचे बारा मी बघतो. कुवेत, कतार, दोन लंडनला."

"आणि खालांची पोच पण मीच घ्यायची?"

"त्यांची तर सगळ्यात आधी. त्या हरकतदार नंबर एक आहेत."

जहूरनं त्यांची सगळ्यात शेवटी ठेवली.

जून-जुलैचे सगळे शनिवार-रविवार असे गेले. खलिफा सिटीत एका व्हिलाच्या मागच्या बाजूला त्याची एक खोली होती. बायको गेल्यावर आणि मुलगी लग्न करून पुण्याला गेल्यावर मोठा फ्लॅट कशाला, म्हणून घेतलेली. सकाळी साडेसहाला तो तिथून निघायचा, सिटी बसनं मोठ्या स्टँडवर, तिथून दुबईची बस, कधी पुढे शारजा, अजमान. हातात निळी फाइल. बसस्टॉपवरच्या त्या उन्हात शर्ट पाठीला चिकटायचा आणि बसमध्ये चढला की एसीनं तो थंडगार व्हायचा. ऑगस्ट लागेपर्यंत त्याला खोकला धरला तो धरलाच.

माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटली. अजमानला एका दुकानदारानं नोटीस उलटसुलट करून पाहिली. "तुझ्या भावाला गोडं पाणी पाहिजे, म्हणून आम्ही सही द्यायची?"

"ही सही पोचेची आहे. संमतीची नाही," जहूर म्हणाला. हे वाक्य तो त्या उन्हाळ्यात एवढ्या वेळा बोलला, की पुढेपुढे त्याच्या आवाजातला चढउतारच गेला.

"आज पोच, उद्या संमती. मला काय समजत नाय?" पण सही केली. वर चहा पाजला.

अबुधाबीतच एमान नावाची एक मुलगी होती, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. वय सव्वीस, जन्म इथलाच. आजोबांच्या मागं तिच्या नावावर चार गुंठे लागले होते हे तिला जहूरनं सांगेपर्यंत माहीत नव्हतं. कॅन्टीनमध्ये उभ्याउभ्याच तिनं नकाशा पाहिला.

"अंकल, इज इट सी-फेसिंग?"

"समुद्र आत आलाय, बेटा."

"ओह. सो इट्स गॉन?"

"गेली नाही. खारट झालीय."

तिनं सही केली. मग परत जाताजाता वळून विचारलं, "कॅन आय सी इट ऑन द मॅप? लाइक, अ पिन?" जहूरनं तिला फोनवर जागा पाठवली. संध्याकाळी तिचा मेसेज आला, की सॅटेलाइटवर तिथे नुसतं करडं पाणी दिसतंय, जागा चुकली तर नाही ना. नाही चुकली, त्यानं उत्तर लिहिलं.

जुलैच्या शेवटी तीस पोचा झाल्या. एक राहिली.

ऑफिसात त्याच्या पलीकडच्या टेबलावर शैलेंद्र बसायचा. पुण्याचा, ड्रेनेज डिझाइनचा इंजिनियर. एप्रिलमधल्या त्या मोठ्या पावसानंतर त्याच्यावर कामाचा डोंगर होता. दुबई-शारजात जिथेजिथे पाणी तुंबलं तिथले पंप, पाइप, पाणी समुद्रात सोडणारे नवे आउटफॉल. दुपारचा डबाही तो स्क्रीनसमोर खायचा. एक दिवस जहूरनं धीर करून करंजखारचा नकाशा त्याच्यापुढं ठेवला.

"पाच मिनिटं आहेत का, साहेब? घरचं आहे."

शैलेंद्रनं पोळीचा तुकडा खाली ठेवला, हात पुसले. उंचीच्या रेषांवरून पेन्सिल फिरवली. "चर इथूनच जाणार. एकशे बारा नंबर. सगळ्यात खाली हाच आहे."

"त्यावरच भांडण आहे. दुसरीकडून नाही का नेता येणार?"

"नेता सगळं येतं हो. खोल खणावं लागेल." त्यानं पेन्सिलनं एक वाकडी रेघ काढली. "असं वळवून इकडून आणा. दीडशे मीटर लांब पडेल. एकशे बारा बाहेर ठेवायचा, त्याच्या कडेनं एक आतला बांध घालायचा. तो तुकडा खाराच राहील, पण बाकीचं सुटेल. विहिरीसुद्धा. हा शहाण्णव नंबर मात्र, कडेनं नेला तरी, जवळजवळ अर्धा जाईल. हा कोणाचा आहे?"

"आमचा," जहूर म्हणाला.

शैलेंद्रनं त्याच्याकडे पाहिलं. मग पेन्सिलची रेघ रबरानं खोडायला घेतली.

"राहू द्या," म्हणून जहूरनं नकाशा उचलला.

शहाण्णव नंबर हा त्यातल्या त्यात चांगला तुकडा. बाप असताना तिथे सगळ्या गावात आधी भात पिकून यायचं. रिटायर होऊन गेल्यावर पाणी गोडं झालं तर तिथं पुन्हा लावणी करायची, असं जहूर आणि त्याची बायको बोलायचे. ती होती तोवर ते खरं वाटायचं. आता वाटायचं की नाही, हे त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं.

मरियमबी खाला दुबईत, ऊद मेथाला मुलाकडे राहायच्या. सून मुनिबा तिथल्याच एका भारतीय शाळेत शिकवायची. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहाला जहूर त्यांच्या दारात उभा राहिला. सात वर्षांत त्या दोघांचं बोलणं नव्हतं. जहूरच्या बायकोच्या मयतीला खालांचा मुलगा येऊन गेला होता, खाला नव्हत्या आल्या.

मुनिबानं दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावर एकदम गोंधळ उडाला. "जहूरभाई? या ना. अम्मी, कोण आलंय बघा."

खाला सोफ्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सलाम झाला. त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"बारीक झालास," त्या म्हणाल्या. "कागद आणलास?"

"हो, खाला."

"दे." त्यांनी नोटीस घेतली, सगळी वाचली, प्रत्येक पान. मुनिबानं पेन दिलं. "ही सही पोचेची आहे. संमतीची नाही," खालाच म्हणाल्या, आणि सही केली. ठसठशीत, मराठीत. "आता चहा पी."

जहूरचं काम झालं होतं. फाइल बंद करून तो उठू शकला असता. पण खोकल्याची उबळ आली, मुनिबानं गरम पाणी आणलं, आणि तो बसला.

"खाला, एक विचारू? रागावू नका."

"रागवायचं होतं तेवढं रागावून झालं. विचार."

"तुमची हरकत मी वीसदा वाचलीय. जमिनीचा कस जाईल, मोजणी चुकली, नोटीस नाही. पंधरा वर्षं तिथं दाणा पिकला नाही, कस कुठला? तुमचा मुलगा जाणार नाही, नातवंडांनी गाव पाहिलेलं नाही. तुम्हाला तो तुकडा कशाला हवाय?"

खालांनी तांदळाचं ताट परत पुढं ओढलं. दोन खडे काढले.

"कुंदाला," त्या म्हणाल्या.

"कोण कुंदा?"

"आपली कुंदा. खालच्या आळीतली, धाकू नावाड्याची सून. तुला आठवत नसेल, तू गेलास तेव्हा ती लग्न होऊन नुकती आली होती." खाला हळूहळू सांगत गेल्या. "माझी सासू अकरा वर्षं अंथरुणावर होती. मी इथे. ह्यांची नोकरी, पोरांच्या शाळा, व्हिसा. दोन वर्षांतून एकदा महिनाभर जायची. त्या अकरा वर्षांत सासूला न्हाऊ घातलं कुंदानं, कूस बदलली कुंदानं, शेवटचं पाणी पाजलं तेही तिनं. मी पोचले चौथ्या दिवशी. पगार द्यायला गेले तर म्हणाली, पैसे नकोत काकी, तुमच्या खारीत पाणी भरलंय, त्यात मला कोळंबी-चिंबोऱ्या धरू द्या. मी म्हटलं, मी जिवंत आहे तोवर ती जागा तुझी. कागद केला नाही. तोंडानं बोलले."

"मग हे हरकतीत का नाही लिहिलं?"

"वकील नको म्हणाला. विनापरवाना कोळंबी धरता असं निघेल, म्हणाला, उलट तिच्यावरच येईल. म्हणून जमिनीचा कस लिहिला." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "त्याच कोळंबीवर तिनं दोन पोरी शिकवल्या. एक आता तलाठ्याची परीक्षा देतेय. तुम्ही चर काढून पाणी सोडून द्याल. मग तिनं काय करायचं?"

नऊ वर्षांची फाइल, साडेचारशे पानं. त्यात कुंदा हे नाव एकदाही नव्हतं.

"मुनिबा, फोन लाव तिला," खाला म्हणाल्या.

व्हिडिओवर एक काळीसावळी, पन्नाशीची बाई दिसली. पडवीत जाळं शिवत बसली होती. मागं पाऊस धो धो. खालांनी सांगितलं, हा गनीचा भाऊ, अबुधाबीवाला. कुंदानं जाळं खाली ठेवलं.

"मी काय तुमच्या वाईटावर नाय हो, भाऊ," ती म्हणाली. "तुमच्या भावाच्या घरात पाणी नाय, मला काय दिसत नाय? उन्हाळ्यात जैनबवहिनीला वरच्या झऱ्यावरनं दोन हंडे मीच आणून देते. पण खारीतलं पाणी गेलं की माझी चूल गेली. दोन्ही खरं. आता तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच काय ते बघा."

परतीच्या बसमध्ये जहूरला झोप लागली नाही. पिशवीत एकतीस पोचा होत्या, सगळ्या नंबरवार. खलिफा सिटीच्या खोलीवर पोचल्यावर त्यानं नकाशा काढला. शैलेंद्रनं खोडलेली रेघ अजून पुसट दिसत होती. त्यानं गनीला फोन केला आणि सगळं सांगितलं, कुंदाचं, आतल्या बांधाचं, शहाण्णव नंबरचं.

गनीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग आवाज चढवला.

"नऊ वर्षं तारखांना मी गेलो. एसटीनं, उन्हातान्हात. तू तिथे बसून कागद पाठवलेस. आणि आता जमीन पण माझी द्यायची?"

"आपली, गनी. दोघांची."

"तुला नकोय म्हणून. तू येणार आहेस का परत? खरं सांग. येणार असलास तर मी शब्द बोलत नाही."

जहूरनं नकाशाची घडी घातली. एसीचा घुंघुं आवाज येत होता.

"बघ," गनी म्हणाला, आणि फोन ठेवला.

सोळा दिवस त्यानं फोन उचलला नाही. सुनावणी पंधरवड्यावर आली. सहहिस्सेदाराच्या सहीशिवाय नवा प्रस्ताव देता येणार नाही, वकील म्हणाले. जहूरनं आपल्या बाजूचं संमतिपत्र तयार केलं, वकिलातीत अटेस्टेशनला नेलं. एका सहीला ऐंशी दिरहम, म्हणजे अठराशे रुपये, असं रांगेतला पुढचा माणूस कुरकुरत होता. जहूरनं ते पाकीट कुरियरनं पाठवलं. गनीची सही आली नाही तर ते रद्दीच. पण पाठवायचं काम आपलं होतं, ते झालं, एवढंच त्याच्या मनात होतं. फार विचार करण्याचं त्राण राहिलं नव्हतं.

सतराव्या दिवशी फोन वाजला. गनीचा नंबर, आवाज जैनबचा, त्याच्या बायकोचा.

"भावजी, सही केली यांनी."

"गनीनं? कशी काय?"

"कशी काय म्हणजे? मी म्हटलं, नऊ वर्षं तुम्ही जमीन जमीन करताय. मला जमीन नको होती कधी. मला विहिरीत पाणी पाहिजे होतं. ज्या शेतात पंधरा वर्षांत पाय ठेवला नाही, त्यातनं चर गेला तर काय बिघडलं? आणि हंडे कुंदा आणते, ते यांना माहीतच नव्हतं. त्यांना वाटायचं मीच जाते. माझे गुडघे कधीचे गेलेत. बोलणार नाहीत ते तुमच्याशी. काही दिवस. मनाला लावून घेऊ नका."

सुनावणी सप्टेंबरात झाली, व्हिडिओवर. तिकडचे अकरा, इथले साडेनऊ. जहूरनं ऑफिसातली छोटी मीटिंग रूम तासाभरासाठी मागून घेतली होती. स्क्रीनवर चौकटीच चौकटी: रत्नागिरीला बसलेले सुनावणी अधिकारी, दोन वकील, ऊद मेथाहून खाला आणि मागे उभी मुनिबा, एका कोपऱ्यात गनी, कॅमेरा कपाळाकडे. एमानही होती, कानात इअरफोन, बहुधा ड्युटीवरून.

अधिकारी नवीन होते. या प्रकरणातले पाचवे. पोचा मोजायला त्यांनी वीस मिनिटं घेतली. सगळ्या बरोबर निघाल्या. "हे काम कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी, सर," जहूर म्हणाला, पण त्याचा माइक बंद होता. चालू करेपर्यंत ते पुढं गेले होते.

सुजीत वकिलांनी नवा प्रस्ताव वाचला. खालांचे वकील लगेच उभे राहिले. नऊ वर्षांच्या सवयीनं असेल. "आमची या प्रस्तावालाही हरकत आहे, साहेब. आतल्या बांधाची तांत्रिक तपासणी झालेली नाही—"

"वकीलसाहेब, बसा," खालांचा आवाज आला. "माझी हरकत नाही."

"मॅडम, तुम्ही मध्ये बोलू नका, मी—"

"माझी जमीन आहे, माझी हरकत आहे, मी नाही म्हणते तर नाही." मग त्या अधिकाऱ्यांकडे, म्हणजे स्क्रीनकडे वळल्या. "साहेब, त्या तुकड्यात कुंदा नावाची बाई कोळंबी धरते, बारा वर्षं, माझ्या परवानगीनं. हे कागदावर घ्या. परवाना लागत असेल तर तिला काढून द्या. पण ते पाणी तिचं आहे हे लिहा."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पाणी कोणाचं असं लिहिता येत नाही, आजी. एकशे बारा नंबर लाभक्षेत्राबाहेर, एवढं लिहिता येईल."

"मग तेवढं लिहा."

गनीला विचारलं, तुमची सही स्वखुशीची आहे का. "आहे," तो म्हणाला. बास, तेवढंच. निकाल राखून ठेवला आणि चौकटी एकेक करून काळ्या झाल्या. जहूर तसाच बसून राहिला. साडेदहाला दुसऱ्या मीटिंगवाल्यांनी दार वाजवलं, तेव्हा उठला.

निकालाला साडेचार महिने लागले. जानेवारीच्या शेवटी हुकूम आला: करंजखारचं लाभक्षेत्र जाहीर. छप्पन हेक्टर, एकशे बारा नंबर बाहेर, चर शहाण्णव नंबरमधून. सुजीत वकिलांनी मेलमध्ये अभिनंदन लिहिलं होतं आणि खाली एक ओळ, की अजमानच्या दुकानदारानं अपील दाखल केलंय. स्थगिती मिळालेली नाही, पण प्रकरण चालू राहील, तारखा पडतील.

शैलेंद्रनं टेबलापलीकडून विचारलं, "काय झालं तुमच्या गावचं?"

"झालं," जहूर म्हणाला. "तुमची रेघ मंजूर झाली."

"अरे वा! पार्टी कधी?"

"इन्शाल्ला," जहूर म्हणाला आणि हसला. त्या दिवशी चाळीस ट्रान्समिटल, म्हणजे कागद धाडल्याच्या नोंदी, करायच्या होत्या. खालांना फोन करून बातमी दिली. त्या म्हणाल्या, कुंदाला कळलंय, तिनं आधीच सांगितलं. आणि एकदा जेवायला ये, मुनिबा माशांचं तिखलं करते. तो हो म्हणाला. शनिवार आला तेव्हा मात्र तो दुपारपर्यंत झोपला, उठून भात खाल्ला आणि परत झोपला. पुढच्या शनिवारीही तसंच झालं. महिन्याभरानं कधीतरी तो ऊद मेथाला गेला, जेवला, आणि सोफ्यावर बसल्याबसल्या त्याला डुलकी लागली. खालांनी उठवू दिलं नाही.

मार्चमध्ये गनीचा फोन आला. ऑगस्टनंतरचा पहिला. जहूर ऑफिस सुटून बसस्टॉपवर उभा होता.

"खुंट्या मारल्या," गनी म्हणाला. सलाम नाही, काही नाही. "मोजणीवाले आले होते."

"बरं झालं."

"आपल्या शेतात मधनं मारल्यात. बरोब्बर मधनं."

"मधनं? नकाशात कडेनं होतं."

"होतं. मी म्हटलं त्यांना. म्हणाले खाली खडक लागतोय, कडेनं जमत नाही. आता दोन्हीकडे चिंधी चिंधी उरणार."

जहूरनं डोळे मिटले. हुकुमाची प्रत, नकाशाची प्रत, दुरुस्तीचा अर्ज, नवी तारीख. हे सगळं कुठल्या क्रमानं लागेल ते त्याच्या डोक्यात आपोआप उभं राहिलं. "गनी, तक्रार करायची का? करायची तर तीस दिवसांत करावी लागेल."

पलीकडून कोणीतरी कोंबड्यांना हाकलत असल्याचा आवाज येत होता. जैनब असावी.

"तू काय म्हणतोस?" गनीनं विचारलं. नऊ-दहा वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं.

"मला विचारशील तर नको."

"मला पण नको," गनी म्हणाला. "खणू दे मधनं."

बस आली. जहूरनं कार्ड टेकवलं आणि मागच्या सीटवर खिडकीशी जाऊन बसला. फोन अजून चालूच होता. दोघंही काही बोलत नव्हते, आणि कोणी ठेवतही नव्हतं.